सोनाराकडे की दवाखान्यात? बाळाचे कान कुठे टोचायचे हे ठरवताना

'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण एरवी आपण हट्टी माणसाला कोणी समज द्यायची, यासाठी वापरतो. घरात तान्हं बाळ आलं की मात्र ती शब्दशः वादाचा विषय होते. सासूबाईंना त्यांचा पिढीजात सोनार हवा असतो. नणंदेने तिच्या लेकीचे कान मॉलमध्ये 'टक्' करून टोचून आणलेले असतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'लहान मुलांचे कान टोचून मिळतील' अशी पाटी लागलेली असते. आणि तिन्हीकडचे लोक म्हणतात, त्यात काय एवढं!

माझ्या मोठीचे कान बाराव्या दिवशी, बारशाच्या गडबडीत, घरी आलेल्या सोनाराने टोचले. माणूस जाणकार होता. पण बाळ आडवं, उजेड ट्यूबलाइटचा आणि भोवती वीस बायका सूचना द्यायला. उजवं भोक डाव्यापेक्षा खाली गेलं. आजही ती लोंबते डूल घालते तेव्हा मला ते आधी दिसतं, इतरांना दिसत नाही म्हणे. धाकटीचे पाचव्या महिन्यात दवाखान्यात टोचले. त्यानंतर भाचरं झाली, शेजारची दोन बाळं झाली, आणि 'तू चल, तुझा हात घट्ट आहे' म्हणून डोकं धरायला मला नेतात. तेवढ्या शिदोरीवर हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं तिच्याभोवती लावता येईल. कान टोचायला अर्धं मिनिट लागतं आणि भरायला दीड-दोन महिने. आपण सगळी चौकशी त्या अर्ध्या मिनिटाची करतो. खरं तर जागा निवडायची ती त्या दीड-दोन महिन्यांसाठी. तिसऱ्या आठवड्यात कानाची पाळी सुजली, फिरकी आत रुतली, तार निघून आली, तर ज्याच्या दारात पुन्हा जाता येईल तो माणूस शोधायचा.

पहिली पायरी: कधी, हे ठरवा, कुठे, त्यावर ठरेल

बाराव्या दिवसाची चाल बऱ्याच घरांत आहे, पण तीच एक जुनी चाल नव्हे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या १६व्या अध्यायात कान टोचायचा काळ सहावा किंवा सातवा महिना असा दिला आहे. बारशाला अडून बसलेल्या आजीबाईंना हे ऐकवायला बरं पडतं. त्या अध्यायात आणखी गमती आहेत, त्या पुढे येतीलच.

आजच्या हिशेबाने बघायचं तर लसीकरणाचं कार्ड काढा. आपल्याकडच्या सरकारी वेळापत्रकात जन्मल्यावर हिपॅटायटिस बीचा पहिला डोस असतो आणि मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस. तिच्यात धनुर्वातही येतो आणि हिपॅटायटिस बीही. सुईने होणाऱ्या जखमेत ज्यांची धास्ती असते त्यातले हेच दोन. म्हणजे १४ आठवड्यांची लस झाली की बाळाच्या अंगात बरंच बळ आलेलं असतं. शिवाय तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर डॉक्टर तो कधीच हलक्यात घेत नाहीत, थेट दवाखान्यात बोलावतात. कानाच्या हौसेपायी ती वेळ कशाला आणायची?

माझं मत: चौथा ते सातवा महिना. त्यानंतर बाळ कान ओढायला लागतं. एक ते तीन वर्षं हा काळ सगळ्यात वाईट, कारण बाळाला कळतं सगळं, समजावता काहीच येत नाही, आणि पहिला कान झाल्यावर दुसऱ्यासाठी चौघांनी धरावं लागतं. सातवा महिना हुकला तर खुशाल पाच-सहा वर्षांपर्यंत थांबा आणि तिला विचारून टोचा. कान टोचल्याने अंतर्गळ (हर्निया) होत नाही, डोळे चांगले राहतात वगैरे जे सांगतात त्याला आजच्या वैद्यकात आधार नाही. तेव्हा त्यासाठी घाई नको.

लस आणि कान एकाच दिवशी करू नका. रात्री ताप आला तर तो कशाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी पायरी: घरातली विचारपूस

ही छोटी आहे, पण टाळू नका. आई-बाबांपैकी, आजी-आजोबांपैकी कोणाला टोचल्या जागी किंवा जखमेच्या वणावर टणक, वाढत जाणारी गाठ आली होती का? तिला केलॉइड म्हणतात आणि ती घराण्यात असू शकते. बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे का, हृदयाला काही दोष आहे का, रक्त लवकर थांबत नाही का, अंगावर इसब आहे का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर जागेचा प्रश्न मिटला. आधी बालरोगतज्ज्ञ, मग बाकी सगळं.

तिसरी पायरी: कानात काय घालणार?

हे आधी ठरवावं लागतं, कारण जागा आणि दागिना एकमेकांना बांधलेले असतात. आजोळहून सुंकली आली असेल तर ती मॉलमधल्या मशीनमध्ये बसत नाही. आणि मशीनची खडी, म्हणजे छोटा टॉप, हवी असेल तर सोनार काय करणार?

सुंकली म्हणजे सोन्याची बारीक तार. तिचं एक टोक कानशीने अणकुचीदार केलेलं असतं. सोनार तेच टोक पाळीतून आरपार काढतो, तार वाकवतो आणि टोकं अडकवून किंवा पिळून बंद करतो. म्हणजे सुईही तीच आणि दागिनाही तोच. या पद्धतीतली सगळ्यात चांगली बाजू लोकांच्या लक्षात येत नाही: ती तार फक्त तुमच्या बाळासाठी घडवलेली असते, दुसऱ्या कुणाच्या कानातून गेलेली नसते. वाईट बाजू अशी की ती निर्जंतुक केलेली नसते आणि ज्या चिमट्याने वाकवतात तो दिवसभर सगळ्यांना लागतो.

सोनं २२ कॅरेटचं घ्या. त्यात ९१.६ टक्के सोनं असतं, बाकी बहुधा तांबं आणि चांदी. कॅरेट उतरत गेलं की मिसळ वाढते, आणि मिसळीत निकेल असेल तर कान खाजणं, चिकट पाणी येणं सुरू होतं. इथे एक फट आहे: २ ग्रॅमच्या आतल्या सोन्याच्या वस्तूला हॉलमार्क सक्तीचा नाही, आणि बाळाची सुंकली तर त्याहून कितीतरी हलकी असते. म्हणजे शिक्का नसणं ही फसवणूक नव्हे, पण खात्रीही नव्हे. पक्की पावती घ्या, तीवर कॅरेट लिहून घ्या आणि ओळखीच्याच दुकानातून घ्या.

चांदी पहिल्या टोचणीला नको, ओल्या जखमेत काळी पडते. 'सोन्याचा मुलामा' म्हणजे आतलं काय आहे ते झाकलेलं. दवाखान्यात टायटॅनियमची बारीक खडी मिळते, ती चांगली. सोन्याचा हट्ट नसेल तर मी तीच घेईन.

चौथी पायरी: जागा एकेक करून

*सोनार.* पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास, कोल्हापुरात गुजरीत, नाशिकला सराफ बाजारात अजून कान टोचणारे जुने हात आहेत. लहान गावांत तर बहुतेक तेच. गोव्यात शेटांना, म्हणजे तिथल्या सोनारांना, विचारा. त्यांच्या हाताला जे वळण असतं ते अनेक डॉक्टरांना नसतं, हे मी कबूल करते. पाळी दोन बोटांत मळून, नेमकी पातळ जागा शोधून, बाळाने श्वास घ्यायच्या आत तार पार झालेली असते. पण 'आमचे सोनार' म्हणजे नक्की कोण, हे बघा. आजोबांच्या काळचे टोचत असत. आता गल्ल्यावर नातू बसतो आणि टोचायला बाहेरून कारागीर येतो. तो आठवड्यातून किती कान टोचतो? नजर कशी आहे? मी पाहिलेले एक काका चष्मा कपाळावर ठेवून टोचत होते. आम्ही नमस्कार करून निघालो.

सोनार निवडलात तर तीन गोष्टी तुम्ही करायच्या. सुंकली घरी दहा-पंधरा मिनिटं उकळून स्वच्छ डबीत न्यायची. चिमटा त्यांना स्पिरिटने पुसायला लावायचा, आणि हात साबणाने धुवायला लावायचे. लाजू नका. गॅसच्या ज्योतीवर तार लाल करून घेणं म्हणजे स्वच्छता नव्हे, त्याने काजळी धरते.

*दवाखाना.* बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, लहान मुलांचे सर्जन यांपैकी काही जण कान टोचतात, सगळे नाही. सीलबंद सुई, हातमोजे, नीट खूण करून घेणं, आणि बिघडलं तर औषध लिहून द्यायची सोय. काही ठिकाणी आपली सुंकलीही चालते. आधी सुईने भोक पाडून मग ती घालतात. काहींकडे एकदाच वापरायची बंद कॅसेट असते, तिच्यात खडी निर्जंतुक असते आणि वापरून झाली की कॅसेट टाकून देतात. सुन्न करायचं मलम लावतात, पण ते तासभर आधी लावावं लागतं आणि अगदी तान्ह्यांना ते डॉक्टरांच्या हिशेबाशिवाय लावायचं नसतं. घरून स्वतःच लावून जाऊ नका.

ज्यांना हे नवं फॅड वाटतं त्यांच्यासाठी पुन्हा सुश्रुत. तिथे टोचणारा 'भिषक्' आहे, म्हणजे वैद्य. बाळाला धात्रीच्या, म्हणजे दाईच्या, मांडीवर बसवावं, खेळण्यांनी भुलवावं, डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि सूर्यप्रकाशात जी पातळ जागा चमकते तिथे हळूहळू, सरळ टोचावं. रक्त फार आलं किंवा फार दुखलं तर जागा चुकली असं समजावं, असंही पुढे म्हटलं आहे. बसवून आणि उजेडात! माझ्या मोठीच्या वेळी नेमक्या याच दोन गोष्टी राहून गेल्या. सोनाराची म्हण नंतर आली म्हणायची.

दवाखान्यातली गोची वेगळी आहे. सहा महिन्यांतून एकदा कान टोचणारे डॉक्टर असतात, आणि त्यांचा हात थरथरत नसला तरी रेंगाळतो. पदवी भिंतीवर असते, सराव नसतो. म्हणून तिथेही 'महिन्याला किती बाळांचे टोचता?' हे विचारायचंच.

*मॉल, मोठं दागिन्यांचं दुकान, ब्यूटी पार्लर.* इथे बहुतेकदा स्प्रिंगची बंदूक असते. ती बोथट खडी जोराने दाबून आरपार ढकलते. प्लॅस्टिकची बंदूक दवाखान्यातल्या अवजारांसारखी वाफेच्या दाबात निर्जंतुक करता येत नाही, वरवर पुसतात. आवाज कानाजवळ होतो, बाळ दचकतं, आणि दुसरा कान चुकण्याची शक्यता तिथेच येते. मागची फुलपाखरी फिरकी पाळीला चिकटते, तिच्यात खपली आणि साबण साचतो. बंद कॅसेटवालं नवं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं असेल तर पाकीट तुमच्यासमोर फोडलं जाईल. बाळाच्या पहिल्या टोचणीला बंदुकीसाठी मी 'नाही' म्हणते.

*टॅटू-पिअर्सिंगचा चांगला स्टुडिओ.* सुई, स्वच्छता, टायटॅनियम सगळं उत्तम असू शकतं, पण अनेक चांगले स्टुडिओ तान्ह्यांना घेत नाहीत. शाळकरी मुलीसाठी हा पर्याय जरूर बघा.

*जत्रा, फेरीवाला, दारावर आलेला टोचणारा.* नको.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक टीप. अमेरिकेत काही बालरोगतज्ज्ञ स्वतःच्या दवाखान्यात कान टोचतात, तिथे आधी फोन करा. बरेच जण मात्र 'भारतात गेल्यावर करू' म्हणून थांबतात. हरकत नाही, पण मग मुक्कामाच्या पहिल्या आठवड्यात करा. परतीच्या दोन दिवस आधी टोचून, सुजलेला कान घेऊन सोळा तासांच्या विमानात बसलेल्या आईचा फोन मला आलेला आहे.

पाचवी पायरी: बाळाला न नेता एकदा जाऊन या

दोन जागा मनात धरा आणि एका संध्याकाळी नुसत्या बघून या. दुसऱ्या कोणाचे कान टोचत असतील तर उभ्या राहून बघा. दहा प्रश्नांची उत्तरं त्या एका दृश्यात मिळतात. हात कधी धुतले? पाकीट कोणासमोर फोडलं? टोचण्याआधी दोन्ही कानांवर खूण केली का, आणि समोरून बघून सारखी करून घेतली का? की एक टोचला आणि दुसरा अंदाजाने?

मग विचारायचं ते एवढंच: महिन्याला किती टोचता, खूण आम्हाला दाखवाल का, आणि पिकलं तर काय करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. 'आमच्याकडे कधी पिकतच नाही' म्हणणाऱ्याकडून मी उठून येते. 'कान लाल झाला तर लगेच दाखवायला आणा, तार मी सैल करून देतो, ताप आला तर डॉक्टरांकडे जा' असं सांगणारा, मग तो सोनार असो की सर्जन, आपला माणूस. घरापासून वीस मिनिटांत पोचता येत असेल तर आणखी चांगलं. प्रसिद्ध पण शहराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तिसऱ्या आठवड्यात निरुपयोगी असतो.

सहावी पायरी: त्या दिवशी

सकाळची वेळ घ्या, म्हणजे उजेड असतो आणि काही झालं तर दवाखाने उघडे असतात. पुढून बटणं किंवा नाड्या असलेलं झबलं घाला. डोक्यावरून काढायचं नको. कुंची आणि लोकरीचं टोपडं काही आठवडे कपाटात, त्यांचे धागे तारेत अडकतात. दूध आधी अर्धं पाजा, उरलेलं टोचल्यावर लगेच. अंगावरच्या दुधाइतकं झटकन शांत करणारं दुसरं काही नाही.

मामाच्या मांडीवर बसवायची पद्धत असेल तर मामाला आधीच विचारा की त्याला रक्त बघवतं का. आमच्याकडे बाळापेक्षा मामालाच पाणी द्यावं लागलं होतं. मांडी त्याची असू द्या, डोकं धरायला दुसरं माणूस ठेवा: एक तळवा कपाळावर, दुसरा मागून मानेला. मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा, हा क्रमही सुश्रुतात आहे. पाळलात तर पाळा.

खूण झाली की घाई करू नका. बाळ बसलेलं, मान सरळ, समोरून बघा. पाळीच्या मध्याच्या किंचित वर असू द्या, कडेजवळ नको. खाली गेलेलं भोक पुढे जड दागिन्याने ओघळतं आणि पाळी फाटते. आवडलं नाही तर पुसून पुन्हा करायला सांगा, तिसऱ्यांदाही सांगा. आणि कानाच्या वरच्या टणक भागाला, कूर्चेला, हात लावू देऊ नका. चिरंजीवांना भिकबाळी घालायची हौस आजोबांना कितीही असली तरी ती त्याच्या मिसरूड फुटायच्या वयाला ठेवा. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, पिकली तर कानाचा आकारच बिघडतो.

नारळ आणि दक्षिणा सोनाराला देतात. डॉक्टरांना नारळ दिला तर ते हसतात, पण घेतात.

सातवी पायरी: पुढचे दीड-दोन महिने

हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने ओल्या केलेल्या कापसाने दिवसातून दोनदा पुढून-मागून पुसा, कोरडं करा. संपलं. हळद-तेलाचा लेप आमच्याही घरात लावत, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तेलाने खपली मऊ होऊन धूळ धरते. अंग चोळायच्या तेलाचा हातही कानापर्यंत नको, मालिशवाल्या मावशींना रोज आठवण करावी लागते. तार रोज गोल फिरवायची, नाहीतर चिकटते, असं सांगतात. तसं केल्याने भरत आलेली जखम रोज नव्याने खरवडली जाते. काढून 'जरा हवा लागू द्या' हेही नाही, बाळाचं भोक बघता बघता बुजतं.

पहिले दोन दिवस किंचित लाली, थोडं पाणी, हे चालतं. पाळी गरम लागते, लाली पसरते, पिवळा पू येतो, फिरकी दिसेनाशी होते किंवा ताप येतो, यातलं काहीही झालं तर डॉक्टर, तेही त्याच दिवशी. आपल्या मनाने तार काढून टाकू नका. वरून भोक बुजतं आणि पू आत अडकतो. काढायची का, ते डॉक्टर ठरवतील. फिरकीवाली खडी असेल तर रोज मोजून दोन आहेत ना ते बघा, कारण निघालेली फिरकी थेट बाळाच्या तोंडात जाते.

पहिला दागिना बदलायची घाई कोणी न कोणी करतंच. आत्याने आणलेले डूल वाट बघत असतात. दोन महिने पूर्ण होऊ द्या, आणि पहिल्यांदा बदलायला ज्याने टोचलं त्याच्याकडेच जा. पिळलेलं टोक उलगडायचं कसं ते त्यालाच माहीत असतं. घरच्या पकडीने तार तुटून अर्धी आत राहिलेली मी पाहिली आहे. आणि जुनी सुंकली मोडीत देऊ नका. धाकटीची मी मोठीच्या शेजारी, एकाच डबीत ठेवली आहे.